तीन कोटेशनांची बंदूक

खातूभाऊजी आमच्याकडे राहायला आले त्या पहिल्याच दिवशी मी त्यांच्यावर चिडले होते. नव्वदच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. दुबईच्या करामा भागात आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट, भाडं माझ्या नवऱ्याच्या, सुधीरच्या, एकट्याच्या पगारात झेपणारं नव्हतं, म्हणून एक खोली कुणा बऱ्या माणसाला द्यायची, ही तिथली सगळ्यांचीच रीत. बायको गावाला आणि आपण इकडे, असे एकटे पुरुष दुबईत ढिगाने होते. त्यातलेच हे एक गृहस्थ आले, खोली पाहिली, खिडकी उघडून बंद केली, नळ सोडून पाहिला, भिंतीवर टकटक करून कान लावला, माझ्या हातचा चहा प्यायले आणि म्हणाले, "वहिनी, विचार करून कळवतो." आठवड्याने सामान घेऊन हजर. रात्री जेवताना अगदी मोकळेपणाने सांगून टाकलं, "तशी मी तीन घरं पाहिली. भाड्यात तुमचं दुसऱ्या नंबरला होतं. पण चहा बरा, त्यामुळे टेक्निकली तुम्ही पास."

आता ही काय बोलायची पद्धत झाली? पण सासूबाईंनी मला आजवर कशातच पास केलं नव्हतं, त्यामुळे राग आला तरी आतून थोडं बरंही वाटलं. त्यांच्या पानात पोळी जरा जोरात टाकली, एवढंच.

शशिकांत खातू, मूळचे गुहागरकडचे. उंच, काटकुळे, शर्ट कायम इस्त्रीचा आणि खिशाला पेन. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एका बांधकाम कंपनीत परचेस ऑफिसर होते. कंपनीचा नियम असा, की खिळा घ्यायचा तरी तीन दुकानांतून भावाची कोटेशनं आणायची, ती शेजारी शेजारी ठेवून बघायची आणि मगच ऑर्डर द्यायची. हा नियम कंपनीपुरता होता. भाऊजींनी तो अंगाला लावून घेतला होता. कोथिंबीर आणायला पाठवलं तर पहिलं दुकान बघून, दुसरं बघून, रस्ता ओलांडून तिसरं बघून, परत दुसऱ्यात येऊन घ्यायचे. तोवर उन्हाने कोथिंबिरीची मान पडलेली असायची आणि भाऊजींच्या चेहऱ्यावर मात्र काम नियमाने केल्याचं समाधान. कलिंगड असो, कपाट असो, ते बोटाच्या पेराने टकटक करून, मान तिरकी करून ऐकायचे. एकदा आमच्या लेकीच्या, केतकीच्या, डोक्यावरही टकटक केलं. "माल चांगला आहे," म्हणाले.

"पहिल्याच दुकानात घेतो तो गिऱ्हाईक नव्हे, वहिनी," ते मला समजावायचे. "तो पाहुणा."

आमच्या इमारतीच्या खालीच कुट्टीची ग्रोसरी होती. जिन्यावरून उतरलं की पहिलं दुकान तेच, म्हणून कुट्टीचा भावही तसाच चढा. सगळी इमारत नाक मुरडत त्याच्याकडूनच घ्यायची, कारण चाळीस-बेचाळीस डिग्रीच्या उन्हात पुढे जाणार कोण? भाऊजी जायचे. इतक्या वर्षांत त्यांनी कुट्टीकडून काडेपेटीसुद्धा घेतली नाही. कुट्टी रोज सकाळी शटर वर करताना हसून विचारायचा, "खातूसाब, आज भी नहीं?" आणि भाऊजी हात जोडून पुढे निघायचे.

त्यांचा आणखी एक नियम होता. मागताना जे बोललो नाही, ते नंतर मागायचं नाही. एकदा साइटवरच्या दारांची ऑर्डर यांनी दिली आणि बिजागऱ्या लिहायच्या राहिल्या. दारं आली, नुसतीच. मॅनेजर लालबुंद, सप्लायरला शिव्या देतोय, आणि आमचे खातूभाऊजी सप्लायरच्या बाजूने उभे. "त्याचं बरोबर आहे, सर. आपण दारं म्हणालो, त्याने दारं दिली." बिजागऱ्या वेगळ्या घ्याव्या लागल्या, त्याही अर्थात तीन ठिकाणी विचारून. असा माणूस नवरा म्हणून कसा असेल, असा विचार मी मनात करायचे आणि सुधीरला एखादी पोळी जास्त वाढायचे.

आता बंदुकीकडे येते.

शारजाच्या बाहेर, वाळूत, एक शूटिंग क्लब होता. छर्‍याच्या बंदुकीने कागदावरच्या काळ्या गोलावर नेम धरायचा, बाकी काही नाही. ऑफिसातल्या कुणाबरोबर भाऊजी एका शुक्रवारी तिथे गेले. भाऊजी डावरे. त्यांनी बंदूक डाव्या खांद्याला लावली. क्लबातल्या सगळ्या बंदुका उजव्या हाताच्या, मागचा लाकडी दस्ता डावऱ्याच्या गालाला उलटा लागणाऱ्या. छर्रे गेले कुठे ते शेवटपर्यंत सापडलं नाही. तिथला कोच उस्मान, सुदानचा, वयस्कर आणि फार गोड माणूस. तो म्हणाला, "खातू, राइट शोल्डर से मारो. ट्राय करो." भाऊजींनी मान हलवली. मी डावरा आहे, दोष बंदुकीचा आहे, असं त्यांचं ठाम मत झालं.

घरी येऊन जेवताना मग सगळं निघालं. "गावाला वडलांची ठासणीची बंदूक होती, वहिनी. रानडुकरं, वानरं शेतात शिरतात म्हणून परवाना देतात ना, तसली. वडील म्हणायचे, डावऱ्याच्या हातात बंदूक म्हणजे शेजाऱ्याच्या म्हशीला धोका. मला कधी हात लावू दिला नाही." मग जरा थांबून, भात कालवत म्हणाले, "आणि सून आली तर तिला शिकवली. आता वडील गेले, परवाना सुमनच्या नावावर आहे. वानरांवर बार ती काढते."

एरवी माणूस जेवताना भाजीचीसुद्धा तुलना करायचा. त्या दिवशी ताट गुपचूप उचलून ठेवलं. मलाच वाईट वाटलं.

पुढच्या शुक्रवारी क्लबातून आले ते नवीन बेत घेऊनच. उस्मानकडे एक जुनी बंदूक पडून होती, दस्ता तुटलेली. तिची नळी आणि आतलं यंत्र भाऊजींनी घ्यायचं, क्लबाच्या नियमाप्रमाणे ते क्लबाच्याच कुलपात राहायचं, आणि बाकी सगळं, म्हणजे डावा दस्ता, चाप, नेम धरायची माशी, खांद्याला टेकायचं रबर, भाऊजींनी स्वतः निवडून जोडायचं. मग ती त्यांची स्वतःची डावरी बंदूक. त्या संध्याकाळी कार्डावरचा नंबर दाबून गावाला फोन लावला. फोन आमच्या हॉलमध्ये आणि भाऊजींचा आवाज गुहागरपर्यंत नुसता ओरडूनही गेला असता असा, त्यामुळे आम्ही सगळं ऐकलं.

"सुमन, ऐक. माझी बंदूक होऊ दे. क्लबाच्या स्पर्धेच्या दिवशी त्या बंदुकीतून कागदाच्या मधोमध छर्रा लागू दे. त्याच दिवशी राजीनामा. मग कायमचा गावाला."

पलीकडून बाईंनी एवढंच विचारलं असणार, "शब्द?"

"शब्द."

बाई बिचारी. मुलगी लग्न होऊन मिरजेला, सासू-सासरे गेलेले, मोठं घर, आंबा, नारळ आणि वानरं, सगळं एकटीच्या डोक्यावर. वर्षातून एक महिना नवरा यायचा आणि त्यात त्याचे निम्मे दिवस गुहागरच्या बाजारात तीन-तीन दुकानं करण्यात जायचे. तिला वाटलं असणार, एक बंदूक ती काय, दोन-चार महिन्यांत होईल. तिने लग्न करताना चौकशी केली नव्हती वाटतं नीट.

सुरुवात लाकडापासून झाली. दस्ता कोणत्या लाकडाचा? इंडस्ट्रियल एरियात बशीर नावाचा पेशावरचा सुतार होता, दाराच्या चौकटी करायचा. त्याच्याकडून भाऊजी लाकडाचे तुकडे आणायचे आणि आमच्या गालाला लावून बघायचे. हो, आमच्या. सुधीर दाढी करून आला की त्याच्या गालाला तुकडा. केतकी अभ्यासाला बसली की तिच्या. "गार लागतं का? टोचतं का? खरं सांग हं." ती म्हणायची, "अंकल, जस्ट पिक वन." भाऊजींना ते ऐकूच जायचं नाही. माझ्या गालाला मात्र लावायची टाप नव्हती त्यांची.

एक दिवस सकाळी मी कणीक मळली आणि पोळपाट गायब. माझ्या माहेरचं शिसवी पोळपाट, आईने लग्नात दिलेलं, विमानातून मांडीवर घेऊन आणलेलं. सगळं स्वयंपाकघर पालथं घातलं. संध्याकाळी भाऊजी आले, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. मी बघितलं तर पोळपाटाच्या कडेचा चांगला बोटभर तुकडा कापलेला.

"वहिनी, सँपल म्हणून दिलं होतं बशीरला. रंग आणि पोत बघायला. त्याला वाटलं तुकडा ठेवून घ्यायचा आहे." मग माझा चेहरा बघून घाईघाईने, "पण तो म्हणाला, असं लाकूड आता मिळत नाही. तुमचं पोळपाट तिन्हीत सरस निघालं."

मी त्यांच्याशी बोलणं बंद केलं. जेवायला वाढायचे, पण ताटाशी बोलल्यासारखी. "भात हवा असेल तर सांगावं म्हणावं कुणाला." ते बिचारे ताटालाच उत्तर द्यायचे, "नको म्हणावं." पुढे राग गेला, पोळपाट तसंच राहिलं. माझ्या पोळ्यांना त्या बाजूने एक चपटी कड यायला लागली आणि इमारतीतल्या बायका डब्यातली पोळी बघून ओळखायच्या, ही जोशींकडची.

दस्ता अखेर शिसवाचाच ठरला. बशीरने अर्धवट कोरून दिला, लांबी किती ठेवायची ते ठरायचं होतं. तो चादरीत गुंडाळून भाऊजी शारजाच्या टॅक्सी स्टँडवर उभे, तर एका पोलिसाने हटकलं. चादरीतून जे डोकावत होतं ते काय आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं.

"ये क्या है?"

"लकडी है, सर."

"किस का लकडी?"

"बंदूक का, सर."

दुसरा कुणीही क्रिकेटची बॅट म्हणाला असता, टेबलाचा पाय म्हणाला असता. पण खोटं बोलायचं तर त्यातही तीन पर्याय बघावे लागले असते, तेवढा वेळ कुठे होता? पोलिसाने त्यांना सावलीत बसवलं, क्लबाला फोन लावला. उस्मानने सगळं सांगितलं. इकडे माझ्या घरी सुधीरच्या डोक्याला हात, की आता आपल्या फ्लॅटची झडती होणार. संध्याकाळी भाऊजी उजळलेल्या चेहऱ्याने आले. तो पोलीस वाळवंटातल्या शिकारी घराण्यातला निघाला. त्याने दस्ता चादरीतून काढला, खांद्याला लावला, गाल टेकवला आणि म्हणाला, लांब आहे, दोन बोटं कापा, खलास. "वहिनी, बशीरचं एक मत होतं, उस्मानचं एक. तिसरं मिळत नव्हतं. देवासारखा भेटला." दोन बोटं कापली. लोकांना पोलीस धरतात, भाऊजी पोलिसाकडून कोटेशन घेऊन आले, हे वाक्य पुढे कितीतरी महिने इमारतीत फिरत होतं.

अशीच वर्षं गेली. माशी ठरायला एक, चाप ठरायला त्याहून जास्त. चाप फार हलका नको, फार जड नको, म्हणून हा माणूस दिसेल त्या बटणावर बोट दाबून बघायचा. लिफ्टचं बटण, टॉर्चचं बटण, आमच्या दारावरची बेल. मी दार उघडायचे तर समोर हे डोळे मिटून उभे. जिन्यात लोक भेटले की तब्येत विचारायच्या आधी विचारायचे, "खातूसाहेब, बंदूक कुठवर?" भाऊजी म्हणायचे, "झाली. थोडक्यासाठी अडली आहे." आणि गंमत अशी, की दर शुक्रवारी क्लबात जाणाऱ्या या माणसाने इतक्या वर्षांत पुन्हा एकही बार काढला नाही. दुसऱ्याच्या बंदुकीला हात लावणार नाही, आपली होत नाही. उस्मानबरोबर दोन कप सुलेमानी चहा पिऊन परत यायचा.

सुमनताईंचा फोन मीच बरेचदा उचलायचे. त्याही तेच विचारायच्या, पण हसून नाही. "वहिनी, कुठवर आलं हो?" एकदा म्हणाल्या, "कौलं शाकारायला माणूस मिळत नाही. शिडीवर मीच चढले. पडले नाही, पण वर बसून रडून घेतलं थोडं." मी म्हटलं, रबर तेवढं राहिलंय.

आणि ते खरंच होतं. फक्त खांद्याला टेकायचं रबर राहिलं होतं. दोन कोटेशनं आलेली, तिसरं जर्मनीहून यायचं होतं, ते येत नव्हतं. पहिल्यांदा मला हसू आलं. मग एका दुपारी भाऊजी त्या जर्मन कंपनीला पुन्हा फॅक्स करायला निघाले तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"भाऊजी, बसा इथे. खरं सांगा, तुम्हाला ती बंदूक पुरी करायची आहे का?"

बसले. बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "भीती वाटते, वहिनी. तिथे मला काही ठरवायचं नसतं. सगळं तिने ठरवलेलं असतं, आणि बरोबर ठरवलेलं असतं. कामवाले तिला विचारतात, दूधवाला तिला विचारतो. मी एक महिना जातो तर लोक मला चहा देतात, खुर्ची देतात. कायमचा गेलो तर किती दिवस खुर्ची देतील? तिथे मी कोण?"

मला एकदम भरून आलं, आणि भरून आलं की मला राग येतो. "नवरा," म्हटलं, "आणखी कोण?" दुसऱ्या दिवशी ते ऑफिसला गेल्यावर मी सुमनताईंना फोन लावला. म्हटलं, ताई, आता तुम्हीच या.

व्हिजिट व्हिसावर सुमनताई आल्या. ठेंगण्या, सावळ्या, आवाज कमी. त्यांना घेऊन मी साडी बघायला गेले तर पहिल्या दुकानात पहिला गठ्ठा उघडला, त्यातली तिसरी साडी ओढली आणि म्हणाल्या, "ही." दुकानदारच गोंधळला, चार आणखी दाखवायला लागला. ताई म्हणाल्या, "अहो, एकच नेसणार ना?" बाहेर आल्यावर मी किंमत रुपयांत करून सांगितली तेव्हा कुठे जरा दचकल्या. म्हणाल्या, "जाऊ दे, यांना सांगू नका." मी तिथेच ओळखलं, आता बंदुकीच्या चालढकलीचं काही खरं नाही.

आठवडाभर त्यांनी नुसतं पाहिलं. भाऊजी त्यांना एकेक भाग दाखवत होते, रबराचे दोन नमुने त्यांच्या खांद्याला लावून दाखवत होते, तिसरा कसा जर्मनीहून येणार ते सांगत होते. त्या "हं" म्हणायच्या. शनिवारी सकाळी भाऊजी अंघोळीला निघाले तर बाथरूमच्या दाराशी एकच निळी स्लीपर.

"सुमन, माझी डावी स्लीपर?"

ताई आतून आल्या. हातात दस्ता. त्याच्या टोकाला निळं रबर चिकटवलेलं, कडा सुरीने नीट गोल कापलेल्या. माझीच सुरी, माझाच फेव्हिकॉल. दस्ता भाऊजींच्या हातात देत म्हणाल्या, "हे तिसरं कोटेशन."

भाऊजींनी त्यावर टकटक केलं. मान तिरकी करून ऐकलं. मग एका पायात स्लीपर घालून अंघोळीला गेले.

क्लबाची स्पर्धा पुढच्याच आठवड्यात होती. शुक्रवारी आम्ही सगळे गेलो. सुधीर, केतकी, मी, सुमनताई नव्या साडीत. भाऊजी इतके पांढरे पडले होते की इस्त्रीचा शर्ट जास्त रंगीत दिसत होता. उस्मानने नळी आणि यंत्र कुलपातून काढलं, शिसवी दस्त्यावर बसवलं. निळ्या स्लीपरची ती डावरी बंदूक पहिल्यांदाच अखंड दिसली. सुंदर होती हो, खोटं कशाला बोलू. माझ्या पोळपाटाचा तुकडासुद्धा बशीरने गालाजवळच्या भागात बसवला होता, ते मला तेव्हा कळलं.

भाऊजींनी नेम धरला. डावा खांदा, डावा हात. श्वास रोखून सगळे बघतोय. दाबला चाप. कागद कोरा. पुन्हा. कोरा. पुन्हा. मग शेजारच्या जागेवरचा एक पोरगा ओरडला, की माझ्या कागदावर मी मारले त्याहून जास्त छर्रे कसे. सुधीर माझ्या कानात म्हणाला, "शेजाऱ्याची म्हैस." मी त्याला चिमटा काढला, पण मलाही हसू आवरत नव्हतं.

उस्मान पुढे आला. भाऊजींना म्हणाला, दोन्ही डोळे उघडे ठेव आणि त्या खांबावर अंगठा धर. आता डावा डोळा मीट. अंगठा खांबावरच. आता उजवा मीट. अंगठा सरकला. उस्मानने कपाळाला हात लावला. "खातू, हबीबी. हाथ लेफ्ट है, आँख राइट है. तुम्हारा निशाना राइट आँख पकडता है. मैं पहले दिन बोला था ना, राइट शोल्डर से मारो."

म्हणाला होता. अगदी पहिल्याच दिवशी. पण ते पहिलं कोटेशन होतं, आणि पहिल्याला घ्यायचं नाही हा आमच्या भाऊजींचा नियम. त्यापायी एवढी वर्षं, एवढं लाकूड, माझं पोळपाट.

मला वाटलं, आता हा माणूस खचणार. तर उलटंच. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग चढायला लागला. "म्हणजे दस्ता उजवा लागणार," ते स्वतःशीच म्हणाले. "म्हणजे लाकडापासून सुरुवात. बशीर आता आहे की गेला मुलखात ते बघायला हवं. दुसरा एक मिस्त्री आहे, अजमानला..." आणि बोटं मोजायला लागले.

सुमनताई उठल्या. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि माझं हसू गेलं. त्या उस्मानला आपल्या हिंदीत म्हणाल्या, "भाईसाब, मैं मारूँ?" स्पर्धा संपत आली होती, जागा रिकामी होती. उस्मानने भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी बंदूक दिली.

त्यांनी ती उजव्या खांद्याला लावली. दस्ता डावा, गालाला उलटा लागत होता, तरी त्यांनी तक्रार केली नाही. पहिला छर्रा काळ्या गोलाच्या अगदी काठावर. "हं," म्हणाल्या. पदर कमरेला खोचला. दुसरा मारला आणि बंदूक खाली ठेवून दिली, बघायलाही थांबल्या नाहीत. उस्मान कागद घेऊन आला. भोक मधोमध होतं.

ताईंनी तो कागद भाऊजींच्या हातात दिला. "दिवस स्पर्धेचा. बंदूक तुमची. छर्रा मधोमध. मारायचा कुणी, ते तुम्ही बोलला नव्हतात."

भाऊजी कागद उजेडाकडे धरून बघत राहिले. मागताना जे बोललो नाही, ते नंतर मागायचं नाही. बिजागऱ्यांसाठी ज्याने स्वतःच्या कंपनीशी भांडण काढलं, तो इथे काय बोलणार? शेवटी खिशातलं पेन काढून पुन्हा खिशाला लावलं आणि म्हणाले, "ॲक्सेप्टेड." सुमनताई खुर्चीत बसल्या आणि त्यांनी पदराने डोळे पुसले. मग मीही पुसले.

परत आलो ते टॅक्सीने. अल नाहदाच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा भाऊजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सुमन, मला शिकवशील का?"

"उजव्या खांद्याने शिकायचं असेल तर," त्या म्हणाल्या.

राजीनामा त्याच रात्री लिहून झाला आणि शनिवारी ऑफिस उघडल्यावर गेला. नोटीस पुरी करून ते निघाले त्या दिवशी आम्ही विमानतळावर सोडायला गेलो. बंदुकीचं यंत्र उस्मानकडे राहिलं, दस्ता बॅगेत चादरीत गुंडाळून. पायात बूट होते, पण हातातल्या पिशवीतून एक निळी आणि एक हिरवी स्लीपर डोकावत होती. नवा जोड घेतलाच नव्हता, दुसऱ्याच कुणाची तरी जुनी हिरवी घेतली होती. आत जाताना त्यांनी माझ्या हातात वर्तमानपत्रात बांधलेलं एक जड पुडकं दिलं. "घरी जाऊन उघडा, वहिनी." सुमनताई ट्रॉली ढकलत पुढे गेल्या होत्या. आत तीन रांगा होत्या. भाऊजी दाराशी क्षणभर थांबले, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि ताई ज्या रांगेत उभ्या होत्या तिच्यात जाऊन त्यांच्या मागे उभे राहिले. पुन्हा वळून पाहिलं नाही.

घरी येऊन पुडकं सोडलं. नवं कोरं पोळपाट. उलटं करून पाहिलं तर खाली कुट्टीच्या ग्रोसरीचं लेबल, किंमतीसकट. त्या पैशात डेऱ्याच्या बाजारात तसली दोन आली असती आणि हे त्या माणसाला माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? खाली जाऊन मी कुट्टीला विचारलं. तो म्हणाला, "खातूसाब आया, एक उठाया, पैसा दिया, गया. कुछ पूछा नहीं." मी जिन्यातच बसून रडले.

पोळपाटाचा एक पाय आखूड आहे. लाटताना डुगडुगतं. मी खाली पुठ्ठ्याची घडी घालते आणि त्यावरच लाटते.